भिंगरीला थारा

वहिनीने पांढरा कोट उजेडात धरला. खांद्यावर काळा पट्टा. पुन्हा.

दातांच्या डॉक्टरांनी कालच बजावलं होतं, "आता एक डाग दिसला, तर कपडे दुसरीकडे." तिच्या धुलाई-इस्त्रीच्या कामात हेच मोठं गिऱ्हाईक. ते तुटलं की धंदा बसलाच.

खालून एक टॅक्सी गेली. रिकामी. स्टिअरिंगवर तिचा नवरा. मोबाइलवर भाडं येईपर्यंत तो चौकात घिरट्या घालायचा. मागून त्याचे टॅक्सीवाले दोस्तही. सगळा धूर आणि धुरळा वहिनीच्या दोरीवर. तिने त्याचं नावच भिंगरी ठेवलं होतं.

"अहो भिंगरी, थांबा की कुठेतरी!"

"कुठे थांबू? तुझ्या डोक्यावर?"

"तिथे लग्नापासून बसलाच आहात!"

इमारतीमागे ऐसपैस आवार होतं. पण किल्ली मास्तरांकडे, कारण इमारतीचा कारभार त्यांचा. आत त्यांची एकटी मोटार, कापड पांघरून.

"तुमच्या टॅक्सींनी शहर काळं केलं," मास्तर म्हणायचे. "माझी बघा. काडीचा धूर नाही."

"हलतच नाही तर धूर कुठला?" वहिनी म्हणायची.

त्या दिवशी मास्तरांना नातीच्या नाचाला जायचं होतं. मोटार दोनदा खोकली आणि गप्प बसली. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. वहिनीने मोबाइलवरून टॅक्सी बोलावली. सगळ्यांत जवळची आली.

"भाडं म्हणजे तूच?" भिंगरीचा उत्साह मावळला.

"मास्तर आहेत. मी सोबतीला."

कोट काखेत मारून ती मास्तरांशेजारी बसली.

चौकात गाडी अडकली. मास्तर काचेतून बघत राहिले.

"पुढची टॅक्सी रिकामी. बाजूचीही. हे सगळे निघालेत कुठे?"

"कुठेच नाही," भिंगरी म्हणाला.

"मग रस्त्यावर कशाला?"

"उभं राहायला जागा नाही, मास्तर. थांबलं की पोलिसाची शिट्टी."

वहिनीने कोट उलगडून मास्तरांच्या नाकासमोर धरला. "आणि आपल्या आवाराला कुलूप."

मास्तरांनी डाग पाहिला. मग पलीकडच्या मोटारींकडे बोट केलं. "त्यांच्यात तरी काय? एकेक माणूस."

"आपण तिघं आहोत," भिंगरी म्हणाला.

मास्तरांना हसू आलं. ते त्यांनी खोकून लपवलं. नातीच्या शाळेच्या दारात उतरताना त्यांनी खिशातून आवाराची किल्ली काढून भिंगरीला दिली.

"इंजिन बंद ठेवायचं. आणि माझ्या मोटारीला धक्का लावायचा नाही."

"छे! झोपलेल्याला कोण उठवतं?" वहिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी टॅक्स्या आवारात उभ्या राहिल्या. भाडं आलं की एकेक निघायची. रस्ता काही ओस पडला नाही, पण दोरीपुढची भिरभिर थांबली.

संध्याकाळी वहिनीने पुन्हा धुतलेला कोट दोरीवरून काढला. खांद्यावरून बोट फिरवलं. बोट कोरडं आणि स्वच्छ. डॉक्टरांचं गाठोडं तिने घट्ट बांधलं आणि मागच्या खिडकीतून वाकून पाहिलं.

भिंगरी स्टिअरिंगवर मान टाकून घोरत होता. त्याच्या मांडीवर मोबाइल वाजत होता.

"अहो, उठा! भाडं आलंय!"