तुमच्या साड्या तुमच्याजवळच ठेवा

मी ईमेलच्या सेटिंगमध्ये गेले होते, हे मी नाकारत नाही. ऐन मे महिन्यात, कूलरसमोर बसून, पूर्ण शुद्धीवर गेले होते.

कारण एकच. साड्या! दिवाळीत मी एक, फक्त एक साडी मोबाईलवरून मागवली. तेव्हापासून त्या दुकानाने माझा पत्ता चौकातल्या फळ्यावर लिहून ठेवला असावा. सकाळी मेल उघडला की चाळीस साड्या. आंघोळ करून येते तो आणखी बारा. 'शेवटची संधी!' तर रोजच. (शेवटची संधी रोज कशी येते, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.)

बंगळुरूला असलेली माझी मुलगी फोनवर म्हणाली, "आई, तू नुसतं डिलीट करत जा. सेटिंगमध्ये मात्र हात घालू नको."

झालं! मी एकोणतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. हात घालू नको म्हटलं की माझा हात आधी तिथेच जातो. मी सेटिंग उघडलं आणि नियम केला : ज्या मेलमध्ये 'साडी' असेल तो उडवायचा. देवनागरीत एकदा लिहिलं, इंग्रजीत दोनदा, कारण काही लोक शेवटी डबल ई लावतात आणि काही आय. प्रोग्रामने विचारलं, कचरापेटीत ठेवायचं की कायमचं मिटवायचं? मी म्हटलं, कायमचं! मग त्याने विचारलं, पाठवणाऱ्याला आपोआप उत्तर द्यायचं का?

आता एवढं प्रेमाने कोणी विचारल्यावर काहून सोडायचं? मी लिहिलं :

'तुमच्या साड्या तुमच्याजवळच ठेवा. आमच्या कपाटात जागा नाही. पुन्हा मेल केला तर तुमच्या आईवडिलांना बोलावून घेईन.'

(शेवटचं वाक्य सवयीने आलं. एकोणतीस वर्षांची सवय.)

दुसऱ्या दिवशी इनबॉक्स स्वच्छ! एक साडी नाही! मी ह्यांना मुद्दाम बोलावून दाखवलं. हे म्हणाले, "छान," आणि पेपर वाचायला निघून गेले.

इथे माझ्या धाकट्या भावाची ओळख करून द्यावी लागेल. गजानन उमरेडला राहतो. वडिलांचा हातमाग त्याने अजून चालता ठेवलाय; बाकी चुलतभाऊ केव्हाच नोकऱ्यांना लागले. पुण्यात हातमागाचं मोठं प्रदर्शन असतं, तिथे गाळा मिळावा म्हणून तो दोन वर्षं अर्ज करत होता आणि दोन्ही वर्षं नकार आला होता. यंदा त्याने पुन्हा अर्ज केला. त्याला मेल जमत नाही, म्हणून पत्ता माझा दिला. तसं मला सांगितलंही होतं. मी 'हो हो' म्हटलंही होतं. आणि गजानन काय विणतो? साड्या! (हे मला नियम करताना आठवायला हवं होतं, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे. माझं नाही.)

पंधरा दिवसांनी गजानन उमरेडच्या बसमधून उतरला तो थेट आमच्या धरमपेठच्या घरी. डोक्याला दुपट्टा, तोंड लालबुंद.

"ताई, तू त्या पुण्याच्या बाईले काय लिवलं वं?"

"कोणत्या बाईले?"

"प्रदर्शनवाल्या! आता बसमध्येच तिचा फोन आला. म्हणे, गाळा नको असंन तर साधं नाही म्हणा, आईवडिलांले कायले मधात आणता?"

"मी एक अक्षर लिहिलं नाही! खोटं बोलून राहिली थे. लाव फोन. स्पीकरवर लाव!"

"आधी कॉम्प्युटर पाहून घे," हे पेपरामागून म्हणाले.

"तुम्ही मधात बोलू नका!"

फोन लागला. मी वर्गात शिरल्यासारखा आवाज काढला. "तुमचा एकही मेल आम्हाला मिळालेला नाही."

"आम्ही सात पाठवले," बाई शांतपणे म्हणाल्या. "सातही वेळा तुमचं उत्तर आलं. मिनिटाच्या आत. इतकं तत्पर उत्तर आम्हाला आजवर कुणीच दिलं नव्हतं."

"अशक्य! आत्ताच्या आत्ता पुन्हा पाठवा."

"पाठवलं."

गजानन आणि मी स्क्रीनकडे पाहत राहिलो. काही नाही. "पाहा!" मी विजयी स्वरात ओरडले. "आला? नाही आला!"

तेवढ्यात फोनमधून 'टिंग' ऐकू आलं. बाईंनी घसा साफ केला आणि शुद्ध पुणेरी उच्चारांत, प्रत्येक शब्द सुटा करून वाचलं, "तुमच्या साड्या तुमच्याजवळच ठेवा..."

शेवटपर्यंत वाचलं.

ह्यांनी पेपर खाली ठेवला. "मला तर तू मिनिटाच्या आत कधीच उत्तर दिलं नाही."

"मॅडम," मी म्हटलं, कारण माघार घेणं माझ्या रक्तात नाही, "ते उत्तर तुम्हाला नव्हतं. ते साड्यांना होतं."

"आमचं प्रदर्शन साड्यांचंच आहे हो," बाई म्हणाल्या. "आणि संमती आज पाचपर्यंत आली नाही, तर गाळा दुसऱ्याला जाईल."

साडेचार वाजले होते. गजानन नुसता दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत बसला. सहा महिने त्याने त्या गाळ्यासाठी साड्या विणून ठेवल्या होत्या. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी साडीचा नियम काढून टाकला. बाईंनी मेल पुन्हा पाठवला. पुन्हा गायब!

"आता काय होऊन राहिलं वं, ताई?"

"मेलची सुरुवात कशी आहे?" मी बाईंना विचारलं.

"'अभिनंदन! आपली निवड झाली आहे.'"

मी पुन्हा सेटिंग उघडलं. कारण लॉटरीवाले सगळे अभिनंदनानेच सुरुवात करतात, म्हणून मी 'अभिनंदन'चाही नियम केला होता. 'निवड'चाही. असे एकूण अकरा नियम होते. (गणिताची बाई सेटिंगमध्ये शिरली की एका नियमावर थांबते काय?)

"सगळे काढ!" हे आणि गजानन एकदम ओरडले. मी सगळे काढले. मेल आला! मी संमती लिहिली, दोनदा वाचली, पाठवली. पाचला सात मिनिटं.

"नाही आली," बाई म्हणाल्या.

"पाठवली!"

"नाही हो आली."

"तुमचंच काहीतरी सेटिंग बिघडलंय!" मी ठणकावलं.

पलीकडे टकटक ऐकू आली. मग बाई जरा संकोचाने म्हणाल्या, "सापडली. एक वजन कमी करायचा मेल होता, त्याच्या खाली होती. तुमची ती उत्तरं पाहून आमच्या ऑफिसने तुमचा पत्ता जंकमध्ये टाकलाय."

जंकमध्ये! मला! ज्या बाईच्या शेऱ्याला पालक घाबरायचे, तिला!

गजाननला गाळा मिळाला. तो पुण्याला जाऊन आला, नेलेल्या साड्यांतल्या चारच परत आणल्या आणि त्यातली सगळ्यात चांगली मला देऊन म्हणाला, "घे वं. आणि पुढच्या साली मी इस्त्रीवाल्याचा पत्ता देतो." मुलीने फोनवरून सेटिंगला कुलूप लावायची गोष्ट काढली. मी साफ नकार दिला. चूक माझ्या नियमांची नव्हती, ते अकराही बिनचूक चालले होते.

एवढंच आहे की पुण्याच्या त्या ऑफिसात मी अजून जंकमध्येच आहे. माझं नाव तिथून सन्मानाने काढावं, अशी कडक शब्दांत विनंती मी त्यांना केली आहे. फोन करणं मला कमीपणाचं वाटलं, म्हणून मेलनेच केली. तीन महिने झाले, उत्तराची वाट पाहून राहिले आहे.