मी डब्याची बाजू घेतली

माझी फजिती ऐकायचीय ना? मग चहा ओतून घ्या, कारण सुरुवात काळजीपासून आहे. गणपतीच्या आधी आठवडाभर मला धड झोप नव्हती. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात माझी सहा वर्षांची मुक्ता मी बनवलेला डबा वाजवणार होती, आणि डबा ऐन वेळी काय करेल ते मलाही माहीत नव्हतं.

डबा म्हणजे माझं वाद्य. इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री, नवऱ्याची जयपूरला बदली, माझी नोकरी सुटलेली. दुसरं काय करणार? वर हाताची सावली धरायची, आतली चिप ती ओळखून सूर काढते. मधेच एखादा सूर स्वतःच्या मनाने घालते. ते मी मुद्दाम ठेवलं होतं.

"हार्मोनियम घे तिला," नवरा म्हणाला. "सा दाबला की सा येतो."

"म्हणूनच नको. पुढे काय येणार ते आधीच कळलं, तर पोरगी शोधणार काय?"

बोलायला बोलले. रात्री मात्र उठून डबा पुन्हा तपासत बसले.

जयपूरच्या मानसरोवर भागातल्या हॉलमध्ये मी पहिल्या रांगेत. माझ्या मागे व्हिडिओवाल्या भैयाचा भला मोठा दिवा. समोर स्टेजवर मुक्ताने डब्यावर हात धरला, छान दोन सूर निघाले. तिसरा जरा रेंगाळला, तर मी लगेच उभी राहून खुणा करायला लागले. हात वर घे, हळू, हळू.

डबा किंचाळला.

मी आणखी जोरात हातवारे केले. तो आणखी किंचाळला. मुक्ताने हात मागे घेतले, तरी थांबेना.

मंडळाचे सेक्रेटरी देशपांडेकाका उठले. "वहिनी, बिघडलंय वाटतं. बंद करा."

बिघडलंय? माझं डोकंच फिरलं. तिथेच उभी राहून मी लोकांकडे वळले.

"काका, हे वाद्य असंच आहे." कुईंऽ.

"त्याला स्वतःचं मन आहे." मी दोन्ही हात पसरले. घूंऽऽ.

"ठरलेलंच ऐकायचं असेल तर घरी जाऊन कॅसेट लावा. मी बंद करणार नाही." मूठ उगारली, आणि डब्याने असा काही सूर काढला की मागच्या रांगेतलं बाळ रडायला लागलं.

लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, पटलं बाई एकदाचं यांना. मोठ्या ऐटीत मुक्ताकडे वळले. ती हाताची घडी घालून उभी होती.

"आई, सगळी सावली तुझीच पडतेय," ती माइकमध्ये म्हणाली. "मतलब, तुझं वाजवून झालं की सांग. मग मी वाजवते."