मांडीवर अणुबॉम्ब, नाशिक ते मोलगी

"ताई, खोकं मागे डिकीत टाका," शहाद्याच्या एसटीचा कंडक्टर म्हणाला.

"नको हो, नाजूक आहे. मांडीवर घेते."

"आहे काय त्यात?"

"मॉडेल. स्मारकाचं."

"कोणाच्या स्मारकाचं?"

इथे मी बेधडक खोटं बोलायला हवं होतं. पण सकाळचे साडेसहा वाजले होते आणि चहा झालेला नव्हता. "अणुबॉम्बच्या," मी म्हटलं.

कंडक्टरने तिकीट फाडलं आणि पुढे दोन सीट सोडून तो थेट तिसऱ्या सीटपाशी गेला. माझ्या शेजारचे धोतरवाले बाबा हळूहळू सरकत सीटच्या कडेला पोहोचले. चांदवड मागे पडल्यावर त्यांनी धीर करून विचारलं, "आत माल भरलेला आहे का?"

"नाही बाबा, नुसता पुठ्ठा आहे."

त्यांनी मान डोलावली, पण सीटच्या कडेवरून काही हलले नाहीत. शहाद्यापर्यंत मी एसटीत इतकी ऐसपैस बसले की उतरावंसं वाटेना.

मी वास्तुविशारद आहे. वय अठ्ठेचाळीस. नाशिकमध्ये मी आणि माझी भागीदार सुवर्णा सोसायट्यांची कामं करतो, म्हणजे बहुतेक वेळ गाड्या कुठे लावायच्या याचाच विचार करतो. मला एक व्यसन आहे, वास्तुरचनेच्या स्पर्धांचं. अकरा स्पर्धा हरून झाल्या आहेत. बारावी आंतरराष्ट्रीय होती. अण्वस्त्रं काय करतात ते जगाने विसरू नये म्हणून एक स्मारक सुचवायचं होतं, जागा आपल्या मनाने निवडायची. अट एकच, पण विचित्र. आपली रचना महानगरांपासून लांब राहणाऱ्या आणि वास्तुरचना न शिकलेल्या दहा माणसांना दाखवायची आणि ती जे बोलतील ते जसंच्या तसं लिहून सोबत जोडायचं.

"माझ्या माहेरी जा," सुवर्णा म्हणाली. "आमची माणसं तोंडावर बोलतात." आणि लगेच पुढे म्हणाली, "आणि ही शेवटची हं. हरलीस तर पुन्हा स्पर्धेचं नाव काढायचं नाही. ऑफिस मी एकटीने किती दिवस ओढू?"

मी कबूल केलं. कारण या वेळी मी हरणार नव्हते. माझी रचना म्हणजे तीस मीटर उंचीचा काळा सुळका, त्याला एकच बारीक उभी फट, आत गडद अंधार. नाव ठेवलं होतं 'निःशब्द'. बघणारा जागीच गप्प होईल अशी माझी खात्री होती.

*

शहाद्याजवळच्या ब्राह्मणपुरीत सुवर्णाचे वडील हिलालआबा ओट्यावर वाट बघत होते. रस्त्याने दोन्ही बाजूंना केळी, पपई आणि ऊस बघून डोळे निवले होते. वर कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली), वांग्याचं भरीत आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा असं जेवण झालं. मग मी मोठ्या थाटात खोकं उघडलं आणि सुळका खाटेवर ठेवला.

आबा त्याच्याभोवती एक चक्कर मारून आले. "हाई काय शे? वीटभट्टी?"

मी त्यांना बॉम्ब सांगितला, शहर सांगितलं, शांतता सांगितली. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग सुळक्याच्या फटीत बोट घालून म्हणाले, "पाऊस उना तं आठेथीन पानी मजार जाई. मंग ते बाहेर कथाईन निंघी?" (पाऊस आला तर इथून पाणी आत जाईल. मग ते बाहेर कुठून निघेल?)

पंचवीस वर्षं मी लोकांच्या गच्च्यांना उतार काढून देते आहे. स्वतःच्या स्मारकात पाण्याला वाट ठेवायला विसरले होते.

सुवर्णाची आई, जिला सगळं गाव माय म्हणतं, दारातून बघत होती. "आनि मानसे बठतीन कोठे?"

"बसायचं नाही माय. उभं राहून विचार करायचा."

"उभं ऱ्हाईसन?" माय म्हणाली. "मन्हा गुडघा दुखतस." आणि ती आत निघून गेली. मी वहीत दोन्ही अभिप्राय लिहून घेतले आणि स्वतःची समजूत घातली, अजून आठ बाकी आहेत.

संध्याकाळी आबा पारावर जाऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत बाहेर आले तर ओट्यापाशी सात-आठ माणसं उभी. त्यातला एक हात जोडून म्हणाला, "ताई, कोनी जमीन जाई ऱ्हायनी?" (कोणाची जमीन जाते आहे?)

"कसली जमीन?"

"बॉम्बना कारखानासाठे. आबा म्हने तुम्ही मोजाले उन्यात." (मोजायला आला आहात.)

दुसऱ्याला जमिनीची नव्हती, नोकरीची काळजी होती. कारखान्यात गावच्या पोरांना आधी घेणार की बाहेरची माणसं आणणार? मी मागे वळून पाहिलं. आबा खांबाआड तोंडात उपरण्याचा बोळा कोंबून हसत होते, अंग गदगदा हलत होतं.

तासभर मी खुलासा करत बसले. कारखाना नाही, मोजणी नाही, बॉम्ब फार लांबच्या देशात फार पूर्वी पडला होता. गंमत अशी की चिडल्यामुळे मी पहिल्यांदाच साधं बोलले. लोक प्रश्न विचारू लागले. जळालेल्या शेतात पुढे काही उगवलं का? विहिरींचं काय झालं? जाताना एक निवृत्त मास्तर शुद्ध मराठीत म्हणाले, "विषय गंभीर आहे. पण या वस्तूचा आणि त्याचा संबंध तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही." आणखी एक जण म्हणाला, पिवळा रंग दिला तर बरं दिसेल. दोन्ही लिहून घेतलं.

*

पुढचा मुक्काम खापर. तळोदा, अक्कलकुवा करत गुजरातच्या सीमेकडे जाणाऱ्या बसमध्ये बॉम्बचं नाव काढायचं नाही असं ठरवलं होतं. त्याची शिक्षा लगेच मिळाली. बॉम्ब नसलेल्या खोक्याला कोणी मान देईना. एका बाईने सुक्या मिरच्यांचं पोतं बिनदिक्कत त्याच्यावर ठेवलं. खापरला उतरले तेव्हा मी शिंकत होते आणि सुळका कमरेत मोडला होता.

नशिबाने मी रशीदभाईंकडेच चालले होते. त्यांनी पूर्वी नाशिकला आमच्या साइटवर सुतारकाम केलं होतं. आता गावी परतून त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं आहे. त्यांनी मोडलेला पुठ्ठा हातात घेऊन डॉक्टरसारखा चुकचुकाट केला, आतून पातळ पट्ट्या लावल्या, डिंक भरला आणि सुळका दुकानाच्या फळीवर वाळत ठेवला. फळी रस्त्यालगत होती.

तेवढ्यात मोटरसायकलवरून दोघं जण आले. "अरे, मिसाइल! आपलं आहे का?" त्यांनी सुळक्याशेजारी उभं राहून कडक सलाम ठोकला, फोटो काढला. मग भाजी घेऊन चाललेले एक काका थांबले. असंच एक मोठं करून शाळेच्या गेटवर लावलं तर पोरांना देशाचा अभिमान वाटेल, म्हणाले. किती दिवसांत होईल ते विचारलं. पानवाल्याने छाती पुढे काढून सांगितलं, "एकदम जबरदस्त. बघूनच शत्रू पळेल."

कोणीही गप्प झालं नाही. सगळे खूश होते. मी वही उघडली आणि तीन अभिप्राय लिहिले. इतकी स्तुती माझ्या कुठल्याच कामाची आजवर झाली नव्हती.

रशीदभाई रंध्यावरचा भुसा फुंकत होते. "मॅडम, बुरा मत मानना. आपको बम के खिलाफ बनाना था ना?"

"हो."

"ये तो बमच बनाया आपने."

मी स्टुलावर बसले.  रशीदभाई उठले, सुळका उचलला, उलटा केला आणि टोक खाली करून एका स्टीलच्या ग्लासात उभा केला. वर तोंड वासलेला एक काळा खड्डा तयार झाला.

"अब कोई सलाम नहीं ठोकेगा," ते म्हणाले. "आठवा नंबर मेरा लिखो."

दुपारी त्यांच्या घरी शेवभाजी खाताना त्यांच्या बायकोने विचारलं, "तिखट लागी ऱ्हायनं का, बहीण?" माझ्या डोळ्यांत पाणी होतं. मी हो म्हटलं.

*

उरलेल्या दोन अभिप्रायांसाठी मोलगीला जायचं होतं. तिथल्या अंगणवाडीचे दरवाजे रशीदभाईंनी केले होते. तिथल्या सेविका सुरमीताई मला बाजारात भेटणार होत्या. अक्कलकुव्याहून जीपमध्ये आम्ही चौदा जण होतो, दोन कोंबडे वेगळे. घाट चढताना प्रत्येक वळणावर सगळे एका बाजूला कलायचे आणि सॉरी म्हणायच्या आत दुसऱ्या बाजूला.

मोलगीला आठवडे बाजार भरला होता. डोंगरातल्या पाड्यांवरून चालत आलेली माणसं, आमचूर (वाळवलेल्या कैरीच्या फोडी), मोहाची फुलं, बांबूच्या टोपल्या. सुरमीताईंनी मला आमचूर विकणाऱ्या रुमलीबाईशेजारी बसवलं. घरी ती पावरी बोलते, त्यामुळे आमचं सगळं बोलणं सुरमीताईंच्या मध्यस्थीने. मी मॉडेल बाहेर काढलं आणि रशीदभाईंसारखंच उलटं, चार दगडांत रोवलं. सरळ ठेवायची हिंमत उरली नव्हती.

एक हवालदार फिरत आला. "हे काय?"

मी सुरमीताईंकडे पाहिलं. "अणुबॉम्बचं आहे साहेब," त्या निरागसपणे म्हणाल्या.

हवालदाराने काठीचं टोक लांबूनच पुठ्ठ्याला लावलं. स्पर्धेचं पत्रक दोनदा वाचलं. मी वही पुढे करून विचारलं, "तुमचा अभिप्राय लिहू का?"

"ड्यूटीवर आहे," असं म्हणून तो टोपल्यांच्या रांगेकडे चालता झाला.

रुमलीबाईने विचारलं, ही टोपली असेल तर गळणार नाही ना? मी सांगितलं, टोपली नाही, मेलेल्या माणसांची आठवण आहे. एका बॉम्बमध्ये एक अख्खं शहर गेलं. तिने विचारलं, शहर म्हणजे किती? मी समोरच्या डोंगराच्या धारेपर्यंत हात फिरवला. हा बाजार, हे दिसणारे पाडे, सगळं.

ती मॉडेलमध्ये वाकून बघू लागली. मग सुरमीताईंना काहीतरी म्हणाली.

"ती विचारतेय, माणसं कुठे आहेत?"

आमच्या धंद्यात मॉडेलमध्ये नखाएवढी माणसं चिकटवतात, उंचीचा अंदाज यावा म्हणून. मी मुद्दाम लावली नव्हती. शांतता बिघडली असती. आता हे हिला कसं सांगू? मी म्हटलं, राहून गेलं.

रुमलीबाईने ढिगातून आमचुराच्या फोडी घेतल्या आणि खड्ड्याच्या काठावर एकेक टेकवून ठेवल्या. "पोरंही होती?" मी हो म्हटलं. तिने बारके तुकडे निवडून मोठ्या फोडींच्या मध्ये ठेवले. "त्यांना आधी कोणी सांगितलं होतं?"

"नाही."

ती बोलायची थांबली. सुरमीताई थांबल्या. शेजारचा कोंबडेवालाही वाकून बघत होता, तोही गप्प झाला. माझ्या तीस मीटरच्या सुळक्याला जे जमलं नव्हतं ते वाळक्या कैरीला जमलं होतं.

तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने पाव किलो मागितलं. रुमलीबाईने काठावरचं सगळं गाव हाताने ओढून सरळ तराजूत टाकलं.

मी ओरडले, "अहो!" तिने चमकून पाहिलं आणि इतकी हसली की गिऱ्हाईकही हसायला लागलं. त्या हशात कोंबडेवाल्याने दहावा अभिप्राय दिला. कुंपण घाला, नाहीतर बकऱ्या पडतील.

*

परतीच्या बसमध्ये मी कोरा कागद काढला आणि अभिप्राय नीट लिहायला घेतले. माझं हस्ताक्षर, माझी भाषा. कोणाला काय कळणार होतं? 'बम'च्या जागी 'प्रतीक' लिहिता आलं असतं. वीटभट्टी गाळता आली असती. दोंडाईच्यापर्यंत मी पेनाचं टोपण उघडत आणि बंद करत होते. शेवटी जसं होतं तसं लिहिलं. पिवळा रंगसुद्धा. आणि नऊ दिवसांत नवी रचना केली. जमिनीत उतरणारा उथळ खड्डा, बसायला पायऱ्या, पाण्याला वाट, काठाला कठडा. पायऱ्यांवर माणसाएवढे आणि मुलाएवढे दगड.

बारावी स्पर्धाही हरले. कळवणाऱ्या पत्रात लिहिलं होतं की रेखाटनं घाईत केलेली वाटतात, पण अभिप्रायांचा कागद परीक्षकांनी दोनदा वाचला आणि तो प्रदर्शनात लावणार आहेत. सुवर्णा दिवसभर हसत होती. तिच्या वडिलांची वीटभट्टी परदेशात भिंतीवर लागणार होती आणि माझी रचना नाही.  तिसऱ्या दिवशी मी पार्किंगचे नकाशे पुढ्यात ओढले.

महिन्याभराने फोन वाजला. मागे बाजाराचा गलका. सुरमीताई होत्या.

"ताई, रुमलीबाई विचारतेय. टाकले ते टाकले, पण उरलेले बॉम्ब कुठे ठेवलेत? आपल्याकडे तर नाहीत ना?"

मी सांगितलं, बऱ्याच देशांकडे आहेत. आपल्याकडेही आहेत.

पलीकडे पावरीत बोलणं झालं. बराच वेळ. मग सुरमीताई म्हणाल्या, "ती म्हणते, मग स्मारक आत्ताच बांधून घ्या. नंतर बांधायला कोण राहील?"

फोन ठेवला. सुवर्णा समोरच बसली होती.

"कोण होतं?"

"क्लायंट," मी म्हटलं आणि कोरा कागद पुढे घेतला.