कापसाच्या बंडीतली ऊब

पौषात असा पाऊस लागेल, हे कुणाच्या ध्यानीमनी होतं? ऐंशी सालच्या आसपास आम्ही बोरच्या जंगलात वाघ बघायला गेलो आणि उघड्या जीपमध्ये नुसते गारठून परत निघालो. त्यात वाटेत जीप चिखलात रुतली. आमची पाच वर्षांची मुलगी भिजून थरथरत होती.

मागून कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, आली. कापसावर ताडपत्री करकचून बांधलेली आणि हाकणारा मात्र पुढे पावसात भिजत बसलेला. काही न विचारता तो उतरला. डोक्याचा दुपट्टा पिळून त्यानं मुलीचे पाय पुसले, ताडपत्रीचं टोक उचललं, कापसात हातानं खड्डा केला आणि तिला गळ्यापर्यंत आत बसवलं.

"अहो, कापूस ओला होईल," मी म्हणालो.

"कापूस वाळते, साहेब. लेकरू कुडकुडून राह्यलं ना!"

जीप तिथंच सोडून आम्ही नवरा-बायको बंडीमागून चालत सेलूला पोचलो, तोवर ती गाढ झोपली होती.

पुढे माझी सेलूलाच बदली झाली. तिथं कळलं, ओला कापूस बाजारातून परत पाठवतात. थंडीत रजई ओढताना आजही मी त्या माणसाला मनातून हात जोडतो. आपले ओले कपडे कापसाला लागू नयेत, म्हणूनच तो ताडपत्रीखाली न शिरता बाहेर भिजत बसला होता; आमची भिजलेली मुलगी मात्र त्यानं त्याच कापसात बसवली.