घरकुलासाठी फोटो

घरकुल योजनेच्या अर्जदारांची जुनी घरं पाहायची आणि मोबाईलवर त्यांचे फोटो काढायचे, हे माझं काम. आज नवव्या दारी पोचलो तेव्हा पार थकलो होतो. मातीचं घर, वर फाटकी ताडपत्री. पण मी येणार म्हणून शेवंताबाईंनी अंगण ताजं सारवलं होतं, दारात रांगोळी घातली होती, भिंतीच्या भेगाही लिंपल्या होत्या. फोटोत घर चांगलं नीटनेटकं दिसत होतं. असा फोटो गेला की अर्ज परत येतो.

"मावशी, एवढं कशाला केलंत? घर पडकं दिसायला हवं."

"अहो, माणूस दारात यायचा, अन् तसंच ठेवू?"

गरिबी झाकता झाकता जन्म जातो, आणि मग आम्ही येऊन म्हणतो, ती नीट दाखवा.

शेवटी मी मागची खचलेली भिंत निवडली. मावशी तिच्यापुढे उभ्या राहिल्या. मी मोबाईल उचलला.

"थांबा जरा," म्हणत त्या खाली वाकल्या आणि भिंतीतून पडलेली ढेकळं कडेला एका ओळीत लावू लागल्या.