येळवशीचं रिकामं गाव

टेंपोत शेवटची कॉट चढली तेव्हा आई म्हणाली, "गुलबर्ग्याला जायलीस, जा. पर येळवशीच्या सणाला यायचं. बाकी कवा न्हाई आलीस तरी चालंल." तुमच्या आजोबांची बदली झाली होती. मी वळून पाहिलं नाही. वर्षातून चारदा तर येणारच होते.

आजी गावाला का जात नाही, हे तुम्ही कॉलवर दरवेळी विचारता, म्हणून लिहिते. गावाचं नाव तुम्हाला ठाऊक आहे, इथे लिहीत नाही. पुढे जिची गोष्ट येते त्या काशीचं नावही खरं नाही.

गुलबर्ग्यात मी इंग्रजी शिकवणं सोडून एचआयव्हीच्या तपासणी केंद्रात काउन्सेलर झाले. तेव्हा शहराने एक ध्यास घेतला होता: इथे जन्मणाऱ्या एकाही बाळाला आईकडून हा आजार मिळू नये. प्रत्येक गरोदर बाईची टेस्ट, नावाऐवजी नंबर. प्रसूतीच्या वेळी आईला गोळी, जन्मल्यावर बाळाला औषधाचे थेंब. धोका पुष्कळ कमी व्हायचा, पण बाई दवाखान्यात पोचली तर.

गावात मात्र मी 'त्या रोगाची बाई' झाले. मी ज्या दारात थांबेन, त्या घरावर संशय. एकदा आत्याकडे पाणी प्यायले, तर आठवडाभर तिच्या गिरणीवर दळण आलं नाही. "लेकी, पुढल्या बारीला तहान गुलबर्ग्यातच भागवून ये!" आत्या हसली. गल्लीत कुणी हसलं नाही. मी चालू लागले की पुढची दारं एकेक करून लागत, आवाज न करता.

अशात काशी, आमच्या गावची सून, आमच्या केंद्रात टेस्ट करून गेली. रिपोर्ट पॉझिटिव्ह. पुढच्या दोन तारखांना ती आलीच नाही. नववा महिना लागला. कुणाच्या घरी जायचं नाही, हा आमचा नियम.

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला, आमच्याकडे अख्खं गाव रानात जेवायला जातं. मी आईला "पुढे हो" म्हटलं आणि भरदुपारी गावात परत फिरले.

कुत्रीसुद्धा रानात गेली होती. दारोदार कुलपं. चुली विझल्या नव्हत्या. माणसांवाचून धूर वर चढत होता. लांबून शेकडो माणसांचं हसणं ऐकू येत होतं आणि दिसत एकही नव्हतं. काशीच्या दारालाही बाहेरून कुलूप. तरी आत कुणीतरी श्वास घेत होतं.

"काशे," मी हाक मारली. श्वास थांबला.

मग फटीला तोंड लावून मी हळूच तिचा नंबर म्हटला.

"व्हय, अक्का." जणू दारच बोललं.

"तुला कोंडलंय?"

"मीच म्हनलं, लावा कुलूप. एकटीला भ्या वाटायलंय. तुमी कामून आलात? कुनी बगितलं तर?"

"बघायला गावात आहे कोण? बाळंतपण कुठं करायलीस?"

"सासूबाई हितंच म्हनायल्यात."

"कळा सुरू झाल्या की बाळ आडवं आहे म्हण. लई बोंबल. गुलबर्ग्यालाच आणतील."

मग आतून, "आडवं म्हनू का पायाळू?"

"सासूला ज्याचं जास्त भ्या वाटंल ते."

बारा दिवसांनी ती जीपमधून आली, वेशीपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडत. गोळी मिळाली, बाळाला थेंब मिळाले. पुढे नवऱ्यालाही तिनेच केंद्रात आणलं. अठराव्या महिन्यात मुलाची शेवटची टेस्ट झाली. निगेटिव्ह. रिपोर्ट पदरात बांधत ती म्हणाली, "अक्का, एक मागू? आता गावात येऊ नका. तुमी दिसलात की सासूबाई माझ्याकडं बगायल्यात."

मी गेले नाही. येळवशीलाही नाही. आई फोनवर विचारायची, "कामून येईनास गं?" मी गुडघ्यांचं कारण द्यायचे. ती गेली तेव्हाही तिला तेवढंच कारण माहीत होतं.

बसमधून गावचा फाटा दिसला की पाय आपोआप चपला शोधतात. मी बसून राहते. काशीचा मुलगा आता मोठा झाला असेल, बैलांमागे धावत असेल. तो मला ओळखत नाही. त्याने ओळखू नये, एवढंच माझं गावाशी नातं उरलंय, आणि ते मी जपते.