दुपट्यावरचा डाग

दोरीवर वाळणाऱ्या दुपट्यावरचा पिवळा डाग दिसला की मला बरं वाटतं. बारशाला नणंदेने मला स्वतःची वापरून विटलेली साडी दिली होती. वर चार बायकांत म्हणाली, "हिला काय कळतंय!" थोरलीला शेजारी बसवून, धाकट्याला पायांवर झोपवत मी त्याच साडीचं दुपटं शिवलं. टाके घालता घालता राग निवेल असं वाटलं होतं. प्रत्येक धुण्याला कापड मऊ होत गेलं; राग मात्र टाक्यांत तसाच घट्ट राहिला.

परवा नणंद आली. बाळाला दुपट्यासकट मांडीवर घेऊन म्हणाली, "किती मऊ गं! कुठली साडी?"

तिची नवी साडी भिजत चालली होती.

"तुमचीच, वन्सं," मी म्हणाले, आणि बाळाला घ्यायची घाई केली नाही.